हाताची वाट, गिअरबॉक्सची वेळ



गाडीवेडी तरुण मंडळी गेली काही वर्षं मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवू का?’ प्रश्न लहान आहे. पण त्याचं सरळ उत्तर द्यायचं तर गिअरबॉक्सच्या पोटात शिरावं लागतं, आणि आजचा तास मी त्यासाठीच मागून घेतला आहे. स्वतः गिअर टाकून गाडी चालवण्यात एक कौशल्य आहे, आनंद आहे आणि तो जपण्यासारखा आहे, असं मी मनापासून मानतो. म्हणूनच त्या आनंदासाठी पैसे खर्च करणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत हे नेमकं कळायला हवं.

आधी वस्तू काय ते सांगतो. गिअरचा दांडा आपल्याला वर दिसतो तेवढाच नसतो. तो एका गोळ्यावर टेकलेला असतो. गोळ्याच्या वरचा भाग आपल्या मुठीत, खालचा आखूड भाग गाडीच्या पोटात. हा खालचा भाग गिअरबॉक्सच्या सिलेक्टर रॉडला ढकलतो किंवा ओढतो. म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. उदाहरणादाखल, टेकूपासून मुठीपर्यंत ३०० मिलिमीटर आणि टेकूखाली ६० मिलिमीटर अशी मापं धरा. खालचं टोक १२ मिलिमीटर सरकायचं असेल तर मूठ ६० मिलिमीटर जाईल. आता खालचा भाग वाढवून ८० मिलिमीटर केला आणि वरचा तसाच ठेवला, तर मूठ ४५ मिलिमीटरच जाईल. बाजारात शॉर्ट शिफ्टर म्हणून मिळतो तो असा, वरच्या आणि खालच्या लांबीचं प्रमाण बदललेला दांडा.

तरफ फुकट काही देत नाही. वरच्या उदाहरणात अंतर २५ टक्क्यांनी घटलं, पण त्याच कामाला हाताचा जोर ३३ टक्के जास्त लागतो. दोन्ही आकडे एकाच चालीने वाढत नाहीत, हेही ध्यानात घ्या. अंतर ४० टक्के कमी केलं तर जोर ६७ टक्क्यांनी वाढतो, निम्मं केलं तर दुप्पट होतो. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो. दुसरा आपला आपण काढायचा.

इथवरचं गणित कुणालाही पटतं. खरा घोटाळा होतो तो पुढच्या प्रश्नावर : हात लवकर पोचला म्हणजे गिअरही लवकर पडतो का?

त्यासाठी सिंक्रो समजून घ्यावा लागेल. गिअरबॉक्समधली पुढच्या गिअरांची चक्रं आपापल्या जोडीदारात कायमची गुंतलेली असतात, मात्र जोडीतलं एक चक्र शाफ्टवर मोकळं फिरत असतं. आपण दांड्याने हलवतो ती एक स्लीव्ह. ती सरकून एका मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडते, त्याला आपण ‘गिअर पडला’ म्हणतो. जखडताना दोघांचा वेग सारखा हवा, नाहीतर दातांवर दात घासून करकर ऐकू येते. पूर्वी हे वेग जुळवणं सर्वस्वी चालकाच्या पायावर आणि कानावर होतं. जुन्या ट्रकांवर हात बसलेले चालक डबल क्लच मारताना तुम्ही पाहिले असतील, ते हेच करत असतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना आपल्या गाड्यांत आणली आणि हे काम चालकाकडून यंत्राकडे गेलं. आजच्या गिअरबॉक्समध्ये ते एक रिंग करते. ही रिंग बहुधा पितळी असते. स्लीव्ह तिला आधी चक्राच्या शंकूवर दाबते, घर्षणाने वेग जुळेपर्यंत रिंगेचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात, आणि वेग जुळला की वाट मोकळी होते. दांडा पुढे लोटताना मध्ये हाताला जो क्षणभर अडथळा लागतो, तो या रिंगेचा.

आता एका खऱ्या गाडीचे आकडे घेऊ. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये माझदाने एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी लोकांसमोर आणली. उत्तम गिअर कसा असावा याचा दाखला द्यायचा तर जाणकार आजही तिचं नाव घेतात. तिच्या पाच गिअरांच्या पेटीत दुसऱ्याचं प्रमाण १.८८८ आणि तिसऱ्याचं १.३३०. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना तिसरा टाकला, तर गाडीचा वेग तोच असल्यामुळे इंजिनाकडून फिरणाऱ्या इनपुट शाफ्टला साधारण ४२३० फेऱ्यांवर उतरावं लागतं. शाफ्ट, त्यावरची क्लच प्लेट आणि त्यांच्याबरोबर फिरणारी चक्रं, या सगळ्यांचे पावणेदोन हजारांहून जास्त फेरे ती छोटीशी रिंग घासून उतरवते. त्याला किती वेळ लागेल हे मुख्यतः फिरणाऱ्या भागांच्या जडतेवर, वेगातल्या फरकावर, रिंगेच्या घर्षणावर आणि तिच्यावर पडणाऱ्या दाबावर ठरतं. मुठीने किती अंतर कापलं, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

दाब मात्र येतो, आणि गोम तिथेच आहे. आखूड थ्रोच्या, म्हणजे मुठीची चाल कमी केलेल्या, दांड्यात हाताचा जोर पूर्वीइतकाच ठेवला तर रिंगेवरचा दाब कमी पडतो, म्हणजे वेग जुळायला उलट जास्त वेळ लागतो. जोर वाढवला तर वेळ पूर्वीइतका होतो. वाचतो तो फक्त रिंगेपर्यंत पोचण्याचा आणि रिंगेनंतर आत शिरण्याचा हाताचा प्रवास. माझं सांगणं आहे ते एवढंच : शॉर्ट शिफ्टरने हाताची वाट आखूड होते, गिअरबॉक्सची वेळ आखूड होत नाही. ज्याला हे उमगलं तो या दांड्यावर खूश राहतो. ज्याला उमगलं नाही तो रिंगेने अडवलेल्या क्षणी दांडा जोराने रेटतो, आणि झिजून गेलेली रिंग दुसऱ्या-तिसऱ्यात करकरायला लागली की दोष दांड्याला देतो.

मग बसवायचा कशासाठी? हाताला लागणाऱ्या गोडीसाठी, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं. एमएक्स-५ चा गिअर इतका नावाजला जातो त्यामागे नुसती आखूड चाल नाही. तिचा दांडा कुठल्याही केबलविना थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना एक लांब ताठ चौकट जोडते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी गिअरबॉक्स जागचा फारसा हलत नाही. हाताने जी आज्ञा दिली ती मधे कुठे न मुरता आत पोचते. वेगाचं म्हणाल तर, त्याच १९८९ च्या मार्चमध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत चालक नायजेल मॅन्सेलने स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी फेरारी पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. वेगासाठी हाताचा दांडा गरजेचा नाही हे तिथे सिद्ध झालं. आपल्याकडेही २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर गिअर आपोआप बदलणारं एएमटी सामान्य माणसाच्या गाडीत आलं आणि शहरातल्या कोंडीत ते सोयीचंच आहे. आता हाताने गिअर टाकणारा माणूस वेळ वाचवण्यासाठी तसं करत नाही. तो स्पर्शासाठी करतो. म्हणून त्या स्पर्शाची चिकित्सा गंभीरपणे करायला हवी.

चिकित्सा सुरू करायची ती दांड्याच्या सांध्यांत बसवलेल्या बुशांपासून. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचा दांडा न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलवून पाहा. बिजागरी खिळखिळी झालेल्या दारासारखा तो डुलत असेल, तर तो लांब आहे ही तक्रार नंतरची. त्याचे बुश गेले आहेत. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच गाड्यांत शॉर्ट शिफ्टर मागणाऱ्याला हवा होता तो नवा बुश. काही शे रुपयांचं प्लास्टिक बदललं आणि मालकाने पुन्हा शिफ्टरचं नाव काढलं नाही. झिजलेल्या जोडणीवर आखूड थ्रोचा दांडा चढवला, तर मोकळी चाल तशीच राहते आणि कामाची चाल तेवढी घटते. गिअर नेमका कुठे आहे हे मग हाताला आणखीनच कळेनासं होतं. एमएक्स-५ च्या जुन्या गाड्यांतही जाणकार मंडळी आधी दांड्याखालचा नायलॉन बुश आणि फाटलेला रबरी बूट बदलतात, दांड्याच्या खोबणीतलं वेगळं तेल नवं भरतात, आणि मग पुढचा विचार करतात.

बीएमडब्ल्यूच्या चाहत्यांनी काढलेली वाट मला विशेष आवडते. ई-३६ मालिकेच्या गाड्यांत ते झेड-३ या कंपनीच्याच दुसऱ्या मॉडेलचा दांडा बसवतात. धातू, घडण आणि टिकाऊपणा कारखान्याचा, आणि फरक माफक. बाहेरचा भाग निवडतानाही हीच कसोटी लावावी. वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतचा बदल रोजच्या गाडीला शोभतो. त्यापुढे गेलं की थंडीतल्या पहाटे, तेल घट्ट असताना, दुसरा गिअर टाकायला मनगट लावावं लागतं. काही संचांत रबर-नायलॉनऐवजी पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे कडक बुश येतात. स्पर्श स्वच्छ होतो, पण गिअरबॉक्सची गुणगुण आणि थरथरही मुठीतून आणि फरशीतून वर येते. लांबच्या प्रवासाला कुटुंब बरोबर असेल तर हा विचार करा.

आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, इंजिन आडवं बसवलेल्या. त्यांत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन केबल असतात : एक रांग (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशी जोडी) निवडणारी, दुसरी गिअर टाकणारी. इथे थ्रो दोन ठिकाणी घटवता येतो. दांड्याचं खालचं टोक लांब करता येतं किंवा गिअरबॉक्सवरचा हात आखूड करता येतो. दुसऱ्या प्रकारात केबलवरचा ताण वाढतो. केबल आणि तिची पकड थोडी वाकते, आणि ज्या स्वच्छ स्पर्शासाठी खटाटोप केला तो स्पंजासारखा मऊ पडतो. म्हणून केबलच्या गाडीत मी पहिला प्रकार सुचवतो, आणि त्याही आधी केबलच्या टोकांचे बुश तपासायला सांगतो.

आता धोक्याचं बोलतो. काही शिफ्टर पुढे-मागेच नव्हे, आडवी चालही कमी करतात. रांगा जवळ आल्या की चुकीच्या रांगेत शिरण्याची शक्यता वाढते. पुन्हा एमएक्स-५ चे आकडे घ्या. तिसऱ्यात ६५०० फेऱ्यांवर चौथा टाकायला गेलात आणि दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला ९२०० च्या पुढे ओढतात. त्या इंजिनाची लाल रेषा ७००० च्या आसपास आहे. इंजिन त्यात मोडलं तर दांड्याच्या किमतीच्या कित्येक पट खर्च एका चुकीत होतो. रांगांमधलं अंतर कंपनीने ठेवलं तेवढंच राहू द्या.

हात दांड्यावर विसावून गाडी चालवण्याची सवय असेल तर तीही मोडा. त्या वजनाने स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या श्रेणीचंच घाला. जीएल-४ सांगितलेल्या पेटीत ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ ओतलं, तर त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत, आणि रिंगेला लागणारं घर्षणही बिघडू शकतं.

कायद्याबद्दल विचारलं जातं म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत कडक भूमिका घेतली. दांड्याची लांबी त्या प्रमाणपत्रात नसते. तरी वॉरंटीत असलेल्या गाडीला मी हात लावणार नाही. गिअरबॉक्सचा दावा नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

बसवलाच तर त्या दिवशी घाई नको. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर टाकून पाहा. दांडा कन्सोलला कुठे टेकत असेल तर गिअर अर्धाच पडेल आणि भार आला की निसटेल. रिव्हर्सचं कुलूप पूर्वीसारखं अडवतं का, हे स्वतंत्र तपासा. शिफ्टरला थांबे असतील तर गिअर पूर्ण आत बसल्यावरच दांडा त्यांना टेकला पाहिजे, आधी नाही. पहिले काही दिवस गाव-शहरातच चालवा, रिंगेचा अडथळा बोटांना पुन्हा ओळखीचा होऊ द्या, आणि मगच ताम्हिणी किंवा वरंध घाटात न्या. उतारावर खालचा गिअर घेताना ॲक्सिलरेटरला हलकासा ठोसा देऊन फेरे जुळवा, म्हणजे क्लच सोडताना झटका बसणार नाही. काढलेला मूळ दांडा आणि त्याचे बुश भंगारात देऊ नका. चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा बहुधा तेच मागतो.