काटा, टाकी आणि इमान



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेचा विषय मी घेतलेला नाही. मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘ॲव्हरेज’ म्हणून जो आकडा झळकतो, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे. आकडा लहान आहे. पण त्याच्यापायी एका माणसावर चोरीचा आळ आला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या एका कंपनीत आमचा एक सभासद ड्रायव्हर होता. त्याच्या गाडीचा पडदा सांगे, लिटरला २०. महिन्यात गाडी धावली २,४०० किलोमीटर. म्हणजे पेट्रोल लागायला हवे १२० लिटर. पंपाच्या पावत्या निघाल्या १३३ लिटरच्या. कचेरीने १३ लिटरचे पैसे पगारातून कापले आणि वहीत शेरा मारला : ‘पेट्रोल विकल्याचा संशय.’ बावीस वर्षे स्टिअरिंगवर काढलेला तो माणूस माझ्यापुढे बसून म्हणाला, “भाऊ, पैसे गेले तर जाऊ द्या, तो शेरा तेवढा पुसून द्या.”

मी पडद्याच्या बाजूने विचार करून पाहिला. यंत्र खोटे कशाला बोलेल? मग एका जुन्या फिटरकडे गेलो, पुस्तके चाळली, आणि कळले ते असे. पेट्रोल मोजणारे माप बहुतेक गाड्यांत नसतेच. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला हे गाडीतला संगणक जाणतो आणि तेवढ्या वेळात किती पेट्रोल गेले असेल याचा हिशेब मांडतो. नळ किती वेळ सोडला यावरून बादलीत किती पाणी पडले हे सांगण्यासारखेच हे आहे. इंजेक्टर झिजला, त्यात कचरा साठला, दाब कमीजास्त झाला, की हिशेब चुकला. शिवाय अंतर मोजले जाते चाकाच्या फेऱ्यांवरून. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती २ मिलिमीटरवर आली की चाकाचा घेर सुमारे २ टक्क्यांनी घटतो. तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त होतात आणि गाडीला वाटते, आपण जास्त धावलो.

सर्वच गाड्यांचे पडदे वाढवून सांगतात असे नाही. काही कमीही सांगतात. माझे म्हणणे इतकेच की, तो अंदाज आहे, पावती नव्हे.

मग आम्ही कंपनीला म्हटले, भांडण नको, मोजून पाहू. सकाळी एका पंपावर टाकी फुल केली. नोझल आपोआप बंद पडले तिथेच थांबलो. वरून एक थेंब घातला नाही. किलोमीटरचा आकडा दोन्ही पक्षांनी लिहून सह्या केल्या. तीन दिवस गाडी मॅनेजरसाहेबांनी स्वतः चालवली. चौथ्या दिवशी त्याच पंपावर, त्याच नोझलने टाकी पुन्हा फुल केली. गाडी धावली होती ५९४ किलोमीटर. पेट्रोल बसले ३३ लिटर. ५९४ भागिले ३३, उत्तर १८. पडद्यावर मात्र २० च होते! साहेब बराच वेळ त्या पावतीकडे पाहत राहिले. मग कापलेले पैसे परत मिळाले आणि शेऱ्यावर रेघ ओढली गेली.

आता कोणी म्हणेल, तुमच्यात पेट्रोल विकणारा एकही नाही काय? असेल. मी सर्वांच्या इमानाचा जामीन राहू शकत नाही. परंतु चोर पकडायचा तर माप खरे हवे. खोट्या मापाने चोर सुटतो आणि साव सापडतो.

हिशेबातली आणखी एक चूक सांगतो, कारण ती शिकलेल्या माणसांकडूनही होते. गाडी हायवेवर १०० किलोमीटर लिटरला २० ने धावली आणि शहरात १०० किलोमीटर लिटरला १० ने. कारकून म्हणतो, सरासरी १५. खरे पाहता आधी ५ लिटर जळले, मग १० लिटर. २०० किलोमीटरला १५ लिटर, म्हणजे सरासरी १३ च्या थोडी वर. ॲव्हरेजांचे ॲव्हरेज काढायचे नसते. किलोमीटर सगळे एकीकडे, लिटर सगळे दुसरीकडे, मग भागाकार.

कंपनीच्या कागदावरच्या आकड्याचेही तसेच आहे. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांत खऱ्या वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली सांगितले की, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणीतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के अधिक इंधन जाळतात. आमचा ड्रायव्हर तर भर उन्हात एसी चालू ठेवून पार्टीची वाट पाहत उभा असतो. तेव्हा पेट्रोल जळते, किलोमीटर शून्य! त्यातच २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता सुमारे एक-तृतीयांश कमी असते. इंधन बदलले, ड्रायव्हरला ठरवून दिलेले ॲव्हरेज मात्र जुनेच.

माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नुकसानीपोटी त्याचा पगार कापू नये, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मी त्यात एवढीच भर घालीन : त्याचे ऐका, आणि त्याच्यासमोर मोजा. पंपाच्या मापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. ग्राहकाला ते मागण्याचा हक्क आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे गाडी असेल, काहींकडे पगारी ड्रायव्हरही असेल. उद्या पडद्याचा आणि पावतीचा मेळ बसला नाही, तर त्याच्याकडे संशयाने पाहण्यापूर्वी टाकी एकदा फुल करून पाहा. काट्याची चूक दुरुस्त करता येते. माणसाच्या नावापुढे मारलेला शेरा त्याच्या मनातून पुसायला फार दिवस लागतात.