पितळेचा सूर



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाला पाश्चात्त्य बँड परका नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी आपल्या दरबारी असा बँड उभा केला होता. शाळेचा बँड म्हटला, की मात्र आज डोळ्यांपुढे उभे राहते ते संचलन: पांढरे हातमोजे, लखलखणारे पितळ. वाद्यांची खरेदीही पुष्कळदा या लखलखाटाकडे पाहूनच होते, आणि चुकीची सुरुवात तेथेच होते.

पितळी वाद्यात मूळ कंपन पितळेचे नसते, वादकाच्या ओठांचे असते. मुखनळीला टेकलेले ओठ श्वासाने थरथरतात आणि नळीतील हवा त्या थरथरीला स्वराचे रूप देते. बिगुलाला झडपा नसल्याने त्यातून मोजकेच स्वर निघतात. ट्रम्पेटला तीन झडपा असतात. मधलीने स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका स्वराने, तिसरीने दीड स्वराने. स्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या जर्मन वादकांना झडपांच्या युक्तीचे पेटंट १८१८ मध्ये मिळाले. पुढे तीन बोटांत सारे सप्तक मावू लागले.

झडप आपल्या घरात अशी बसावी लागते, की हवा निसटू नये आणि तरीही ती बोटाखाली सहज सरकावी. हलक्या वाद्यात नेमके हेच साधत नाही. हवा गळते, झडप अडकते, नळीची लांबी चुकलेली असल्यास एखादा स्वर कायमचा बेसूर राहतो. बारा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही. तो अधिक जोराने फुंकतो, मुखनळी ओठांवर दाबतो, ओठ सुजवून घेतो आणि अखेर आपल्याला सूरच नाही, असे समजून वाद्य खाली ठेवतो. दोष वाद्याचा, शिक्षा मात्र मुलाला!

उत्तम वाद्य कोणालाही आपोआप वादक बनवीत नाही. पण चूक झाली, तर ती आपली आहे आणि सरावाने सुधारता येईल, एवढा विश्वास ते मुलाला देते. शिक्षणाचा पाया याहून वेगळा कोणता?

खरेदीच्या वेळी वादनाच्या जाणकाराने प्रत्येक वाद्य वाजवून पाहावे. झडप न दाबता तिची सरकनळी थोडी बाहेर ओढावी आणि मग झडप दाबावी. ‘टप्प’ असा आवाज आला, तर हवा गळत नाही असे समजावे. पुढे निगाही तितकीच महत्त्वाची. वाजवून झाल्यावर नळीतील पाणी काढावे, झडपांना त्यांचेच तेल द्यावे, मुखनळी कोमट पाण्याने धुवावी. थंडीत वाद्याचा स्वर उतरतो. म्हणून २६ जानेवारीच्या सकाळी ते श्वासाने ऊबदार झाल्यावरच सूर जुळवावा.

हीरक महोत्सवानिमित्त शाळेला वाद्ये देऊ इच्छिणाऱ्यांनी वीस चकचकीत वाद्यांऐवजी आठ सुरेल वाद्ये द्यावीत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. संचलनातील लखलखाट छायाचित्रात राहतो. पहिल्याच स्वराला मात्र हलक्या वाद्याचे पितळ उघडे पडते. ते पडू नये, आणि त्यापायी एकाही मुलाचा आत्मविश्वास हरवू नये, ही काळजी मोठ्यांनीच घ्यायची आहे.