सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर मी या मंडळाची हिशेबाची वही सांभाळली आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या मोजून घेतल्या. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले ते तुम्हीच सांगा. दुसऱ्या कोणी सांगितले तर ती कुटाळकी होईल." म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या बीड जिल्ह्याला दारू नवी नाही आणि दारूविरुद्ध पदर खोचणाऱ्या बायकाही नव्या नाहीत. दसरा उलटला की कोयता घेऊन बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल हाती पडते तेव्हा तिच्यातले किती गुत्त्यावर जाते, हे मी तुम्हांला काय सांगावे! 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी बाटली, हे आता आपल्याला पाठ झाले आहे.

परंतु बाटली आडवी झाली तरी घरातला पिणारा माणूस उरतोच. त्याचे काय करावयाचे? अशा वेळी कोणी तरी एक कागद हातात ठेवतो. 'व्यसनमुक्ती केंद्र. खात्रीशीर उपाय. गाडी घरी येईल.'

माझे धाकटे दीर गवंडीकाम करीत. हातात कसब मोठे. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय त्या हातात थापी स्थिर राहीनाशी झाली. सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच काही तरी बघा." मी त्या कागदावरच्या नंबरवर फोन केला. पहाटे जीप आली. चौघांनी भावजींना अंथरुणातून उचलले. फॉर्मवर सही मी केली. तीस वर्षे शाळेत मुलींना "वाचल्याशिवाय सही करू नका" असे शिकविले, आणि मी स्वतः ते वाचले नाही. त्या रात्री घरात आरडाओरड नव्हती. मला गाढ झोप लागली. हे सांगावयास आज लाज वाटते.

"महिनाभर भेटायचे नाही, भेटल्याने पेशंट बिघडतो," असे त्यांनी बजावले होते. एकोणिसाव्या दिवशी माझे यजमान हट्टाने आत गेले. एका खोलीत वीसबावीस माणसे, दाराला बाहेरून कडी, सगळ्यांची डोकी भादरलेली. डॉक्टर नव्हताच. तिसऱ्या रात्री भावजींना भास होऊ लागले, ते भिंतीवर डोके आपटू लागले, तेव्हा त्यांना खाटेला बांधून ठेवले होते. घरी आल्यावर ते मला इतकेच म्हणाले, "वहिनी, सही तुमची होती म्हणे." रागाने नाही, नुसते विचारले.

पुढे आम्ही त्यांना अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले की, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोनतीन दिवसांत कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी माणूस दगावतोही. त्यासाठी औषधे, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि रात्रंदिवस लक्ष लागते. भगिनींनो, कुलूप हे काही औषध नव्हे.

मग मी कायदा वाचला. आधी वाचावयाचा तो नंतर वाचला. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे पळता न आल्याने प्राणास मुकली. आजचा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. 29 मे 2018 पासून तो अमलात आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात स्पष्टपणे धरलेले आहेत. असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसल्यास पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड होतो. साखळीने बांधण्यास मनाई आहे, सक्तीने मुंडण करण्यासही आहे. रुग्णाला भेटीगाठीचा आणि फोनचा हक्क आहे.

आणि ज्या कलमाने माझी झोप उडविली ते असे: आपण होऊन आलेल्या माणसाला आपण होऊन जाताही येते. मनाविरुद्ध ठेवावयाचे तर घरच्यांचा अर्ज पुरत नाही. दोन जाणकारांनी, त्यांतील एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळे तपासावे लागते. मुदत 30 दिवसांची, आणि 7 दिवसांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. म्हणजे माझ्या एकटीच्या सहीने कोणालाही कोंडता येत नव्हते!

कोणी म्हणेल, मग ही केंद्रे बंदच पाडा. मी तसे म्हणत नाही. सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही, म्हणूनच तर आपण त्या जीपला हाक मारतो. चांगली केंद्रेही आहेत. पुण्याचे मुक्तांगण 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. कोंडण्यापेक्षा बोलण्यावर तेथे भर आहे. चांगले आणि वाईट निवडता आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

प्राधिकरण दूर मुंबईला. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस माणसे कोंडली आहेत, हे तेथे बसून कोणाला कळणार? ते ग्रामसेवकाला कळते, सरपंचाला कळते, तेथे दूध घालणाऱ्या बाईला कळते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी असा नियम आहे. तेथे आपण विचारावे: आपल्या हद्दीत असे केंद्र आहे काय? त्याची नोंदणी आहे काय? डॉक्टर कधी येतो? परवाना देणे किंवा काढून घेणे ग्रामसभेच्या हाती नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ठराव करून तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि पुनर्विलोकन मंडळाकडे पाठविणे आपल्या हाती आहे. त्या मंडळावर जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि त्याचा पत्ता प्रत्येक संस्थेने दर्शनी जागी लावलाच पाहिजे. तो लावलेला दिसला नाही, तर तेथूनच मागे फिरावे.

भावजींनी मध्ये एकदा पुन्हा घेतली. आम्ही ओरडलो नाही. औषधे पुन्हा सुरू केली. आता कामावर जातात. माझ्याशी बोलतात, पण पहाटे गाडीचा आवाज आला की अजून दचकून उठतात.

मी हिशेबाची बाई. म्हणून एकच मागणे मागते. मंडळाने आणखी एक वही करावी. तीत जवळपासच्या केंद्रांची नावे, नोंदणी आणि आपल्यापैकी कोणी जाऊन काय पाहिले ते लिहावे. व्यसनमुक्तीसाठी सरकारने दिलेला 14446 हा फोन नंबर पहिल्या पानावर घालावा. पुन्हा एखादी सूनबाई पेन हातात घेईल, तेव्हा तिने आधी ती वही मागावी.