विकत घेतलेले खेडे

प्रवासी हॉटेलात उतरतो तेव्हा आपण पैसे मोजणार आहोत, हे त्याला ठाऊक असते. तरीही थोड्या अगत्याची अपेक्षा तो मनातून काढून टाकू शकत नाही. मोबदल्याची रक्कम जितकी मोठी, तितकी ही अपेक्षाही मोठी. आणि निराशा व्हावयाची ती बहुधा येथेच.

नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीचे बालपण रायपूरला गेले. वडील तेथे रेल्वेत कारकून होते. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती, राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे अशी मराठी कुटुंबे तेथे पुष्कळ. भाताची खाचरे आणि सकाळच्या न्याहारीचा गरम चीला या बाईंच्या मनातून कधी गेला नाही. तांदळाच्या पिठाचे हे धिरडे पुन्हा एकदा तेथेच बसून खावे, आणि लहानपणी राहून गेलेले सिरपूर पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

रायपूरबाहेरच्या एका हॉटेलची जाहिरात त्यांच्या वाचनात आली. चित्रात तळे होते, बैलगाडी होती, आणि ‘अस्सल ग्रामजीवन’ हे शब्द होते. खोलीचे भाडे रात्रीला ७,८०० रुपये. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे, त्यावरच्या खोलीवर अठरा. वरच्या तीनशे रुपयांनी कराचा आकडा १,४०४ वर नेला. दोन रात्रींचे १८,४०८ रुपये आगाऊ भरून दोघे निघाले.

तळे होते, परंतु कोरडे. बैलगाडी हिरवळीवर सिमेंटमध्ये रोवलेली होती. आवाराभोवती उंच भिंत असल्याने पलीकडची कापणी दिसत नव्हती. रात्री वीज गेली आणि खिडकीखालचे जनरेटर पहाटेपर्यंत धडधडत राहिले. सकाळी बाईंनी चीला मागितला, तेव्हा वाढप्याने संकोचाने सांगितले की, गावचे पदार्थ वीस माणसांची आगाऊ मागणी असेल तरच होतात. ज्या प्रदेशाला ‘धान का कटोरा’ म्हणतात, तेथे त्यांच्यासमोर पाव आणि मुरंबा आला. त्या काही बोलल्या नाहीत. पाव मात्र त्यांनी तसाच ठेवला.

जेवणाच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली असे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. शिक्षकांनी ते शांतपणे दाखवून दिले, आणि रक्कम लगेच कमी झाली. परंतु कोरड्या तळ्याची वजावट कोणत्या रकान्यात करावयाची?

दुसऱ्या दिवशी दोघे सिरपूरला गेली. महानदीकाठचे विटांचे लक्ष्मणमंदिर सातव्या शतकातले. राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ बांधलेले. जवळच आनंदप्रभू या भिक्षूचा विहार आहे. १९५४-५५ च्या सुमारास मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी येथे उत्खनन केले. तेथील शिलालेखात विहाराबरोबर भिक्षूंसाठी अन्नसत्राची सोय केल्याचा उल्लेख आहे. आलेल्याच्या पोटाची काळजी दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोलाची वाटावी, असा तो काळ होता.

परतताना रस्त्यालगतच्या एका टपरीवर चुलीचा धूर दिसला. तव्यावर चीला होता. टपरीवालीने बाईंना ‘दाई’ म्हणून हाक मारली, बाकावरचे पीठ पदराने झटकले आणि पानावर टमाट्याची चटणी वाढली. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. बाईंनी दोन चीले खाल्ले आणि तिसरा मागून घेतला.

नागपूरला आल्यावर शिक्षकांनी हॉटेलच्या मालकांना पत्र लिहिले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या कायद्याने दाद मागता येते, हे त्यांना माहीत होते. पत्रात त्यांनी तसे नमूदही केले. मात्र मागणी त्यांनी एकच केली. जाहिरातीतले तळ्याचे चित्र काढावे, किंवा तळ्यात पाणी भरावे. पत्राखाली बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: स्वयंपाकघरात गावातली एखादी बाई ठेवावी, दोन माणसांसाठीही तवा तापतो.