परमुलखातून आलेला आपला माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी, असा आपला रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, आणि सभेत बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसताईंनी धीर दिला, म्हणून उभी राहिले आहे. मी सांगते ते वाचनालयातील पुस्तकांत वाचलेले आहे. इंग्रजी होते ते थोरल्या मुलीने वाचून समजावून दिले.

ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांचे नाव मॉरिस फ्रीडमन. नाव ऐकून तुम्ही म्हणाल, हा साहेब आपल्या मंडळात कोठून आला? पण माझे आजोळ आटपाडीकडचे. तेथील ‘स्वतंत्रपूर’ हे नाव मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते. त्या नावामागे हे गृहस्थ होते, हे मात्र फार उशिरा कळले.

फ्रीडमन यांचा जन्म १९०१ साली पोलंडमधील वॉर्सा शहरात, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख. ते विजेचे इंजिनिअर झाले. फ्रान्समध्ये नोकरी केली, नवे शोध लावून त्यांची पेटंटेही मिळवली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांची हुशारी हेरली आणि बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांना बोलावून आणले. हे १९३०नंतरच्या दशकातले. पुढे १९३९ साली जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि वॉर्सातील ज्यू वस्तीचा संहार झाला. परत जावे असे जुने गाव उरलेच नाही.

मोठा हुद्दा होता, पगार होता. पण या माणसाचे मन त्यात रमले नाही. ते रमण महर्षींच्या दर्शनाला जात, गांधीजींकडे जात. त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद हे नाव धारण केले. संन्यास घेतला म्हणून हातातली विद्या काही टाकून दिली नाही. त्यांनी ‘धनुष तकली’ तयार केली. तिला चरख्याचे मोठे चाक लागत नाही. धनुष्यासारख्या कमानीचा पट्टा तकलीवरून ओढला की तकली गरगर फिरते. बांबू-लाकडाच्या तुकड्यांत घरच्या घरी करता येईल, गरिबाला परवडेल, असे ते साधन. कारखाना चालवणाऱ्या इंजिनिअरने बाईमाणसाच्या सुताचा विचार करावा, याचे मला फार कौतुक वाटते.

तेथून ते औंध संस्थानात आले. यमाईदेवीचे औंध आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी तेथील राजे. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही विखुरलेली. १९३८ साली सत्तरी गाठलेल्या या राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांनी यात पुढाकार घेतला, गांधीजींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. गावाने आपले पंच आपणच निवडायचे आणि गावचा कारभार गावाने पाहायचा. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षे होती! १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

आता स्वतंत्रपुराची गोष्ट. आटपाडीजवळ १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी, घाम गाळावा आणि माणसात यावे. या कल्पनेमागे फ्रीडमन होते. आपल्या मुलांच्या हातून साधी कपबशी फुटली तरी आपण दोन दिवस तिच्या हाती दुसरी देत नाही. येथे तर खुनाच्या शिक्षेचे कैदी होते, आणि त्यांच्या हाती कोयता-कुऱ्हाड द्यायची होती! व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तेही त्याच मुलखातले. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, पण त्यामागच्या परदेशी इंजिनिअरचे नाव कोणाच्या तोंडी नाही. ती वसाहत सांगली जिल्ह्यात आजही आहे.

१९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबे आली. त्या वेळी फ्रीडमन आणि त्यांच्याच देशाच्या वांदा दिनोव्स्का, ज्यांना सगळे उमादेवी म्हणत, या दोघांनी निर्वासितांसाठी खपून काम केले. घर सुटणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

अखेरची वर्षे त्यांची मुंबईत गेली. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहत. मूळ नाव मारुती कांबळी, धंदा विडीच्या दुकानाचा, शिक्षण बेताचे. संध्याकाळी कामावरून सुटलेली साधी माणसे त्यांच्या माळ्यावर ऐकायला बसत. फ्रीडमनही तेथे जाऊन बसत. त्यांना मराठी येत होते. महाराजांचे मराठी बोलणे ध्वनिफितीवर घेऊन त्यांनी ते इंग्रजीत उतरवले. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे ते पुस्तक १९७३ साली मुंबईत निघाले आणि जगभर गेले. एवढा शिकलेला माणूस विडीवाल्याच्या पायाशी बसला, हे वाचून मला, सातवी झालेलीला, काय वाटले असेल ते तुम्हीच जाणा. ९ मार्च १९७६ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. सुमारे चाळीस वर्षे ते या देशात राहिले आणि येथल्याच मातीत संपले.

भगिनींनो, हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. नव्या इमारतींत राहायला आलेल्या परप्रांतीय भगिनींना सभासद करून घ्यावे की नाही, यावर मागच्या बैठकीत बरीच बोलाचाली झाली. त्यांना मराठी नीट येत नाही, आपल्या चालीरीती ठाऊक नाहीत, असे काहीजणींचे म्हणणे पडले. ते अगदीच खोटे नाही. कार्यक्रम मराठीत चालावेत, असे मलाही वाटते. पण आपणा डोंबिवलीकरांत मूळच्या येथल्या किती? कोणी रत्नागिरीची, कोणी साताऱ्याची, कोणी खानदेशची. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे आली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. आज तेथे जाऊन कापड आणताना आपण कोणाला परके म्हणतो का?

फ्रीडमन मराठी शिकले, कारण त्यांना कोणीतरी शेजारी बसू दिले. दाराबाहेर उभ्या माणसाला भाषा कशी यावी? म्हणून माझी सूचना अशी, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने नव्या इमारतीतील दोन घरी स्वतः जाऊन बोलावणे करावे. शुक्रवारी दुपारी एक तास मराठी बोलण्याचा वर्ग ठेवावा. सातवीपर्यंतचे मराठी शिकवायला मी तयार आहे. आणि त्यांच्यात कोणी शिवण, हिशेब, संगणक जाणत असेल, तर ते आपण त्यांच्याकडून शिकावे. याचा निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. हात वर करताना आटपाडीच्या त्या भिंती नसलेल्या वसाहतीची आठवण ठेवावी, एवढेच मागणे आहे.