जास्त उजेडाची अडचण



कामगार संघटनेच्या माणसाने काचेच्या तारेवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण ही फायबर जोडणारे हात आमच्या सभासदांचे आहेत, आणि मोड्यूल जळले की पगार त्यांचाच कापला जातो. तेव्हा हे शास्त्र आम्हांला शिकावेच लागले.

१९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडात मांडले की, काचेतली घट किलोमीटरला २० डेसिबलच्या आत आणली तर तीतून टेलिफोन चालेल. २० डेसिबल घट म्हणजे शंभरातला एकच हिस्सा प्रकाश उरणे! आज लांब पल्ल्याच्या तारेत ती किलोमीटरला पाव डेसिबलच्याही आत आली आहे. आणि गंमत अशी, की इतक्या खटपटीने राखलेला प्रकाश आता कधीकधी मुद्दाम फुकट घालवावा लागतो.

कसा, ते पाहा. ८० किलोमीटरसाठी केलेले १० गिगाबिटचे मोड्यूल साधारणपणे ० ते अधिक ४ डीबीएम प्रकाश सोडते. अधिक ४ म्हणजे अडीच मिलिवॅट. समोरच्या रिसीव्हरला उणे २४ पर्यंतचा मंद प्रकाशही कळतो. पण उणे ७ च्या वर, म्हणजे ०.२ मिलिवॅटहून जास्त, त्याला झेपत नाही. लांबच्या वाटेत १६ ते २० डेसिबल आपोआप झिजतात. तीच जोडी शिल्लक आहे म्हणून एका रस्त्यावरच्या दोन इमारतींत बसवली, तर झिजणार काय? निरोपात चुका येऊ लागतात, आणि प्रकाश फारच जास्त असला तर रिसीव्हर कायमचा जातो.

उपाय स्वस्त आहे. दोन्हीकडच्या रिसीव्हरच्या तोंडाशी १५ डेसिबलचा अटेन्युएटर लावावा. ४ मधून १५ गेले, उरले उणे ११. ० मधून गेले तरी उणे १५. दोन्ही आकडे मर्यादेत. कोणी पेन्सिलीला तार गुंडाळून प्रकाश गळवतात. ते आम्हांला मान्य नाही. वेढा सैल झाला की हिशेब चुकला.

एका कंत्राटदाराने दोन पोरांच्या पगारातून अशाच मोड्यूलची किंमत कापली होती. अंतर ३०० मीटर. अटेन्युएटर दिलेला नाही, पॉवर मीटरही नाही. आम्ही ही वजाबाकी कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवली. पैसे परत आले. पण चौकशीत कळले ते अधिक वाईट होते. मीटर नाही म्हणून पोरे तारेच्या तोंडात डोकावून पाहत. १५५० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. मग प्रत्येक तुकडीला मीटर, ही मागणी आम्ही लावून धरली. चारांपैकी तीन तुकड्यांना तो मिळाला. चौथी अजून शेजारच्या तुकडीचा मागून नेते.