गिलाव्याआधीची नळी

(नवीन पनवेल येथे सहायक सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



मागच्या वेळी हिशेब वाचताना एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "भाऊ, वाडीवरच्या घरांचे पैसे प्लास्टिकच्या पाइपात का घातले? तेवढ्यात चार पंखे आले असते." प्रश्न रास्त होता. मी ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला, वायरिंगचा नाही, म्हणून त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो.

कातकरी वाडीतलं जुनं घर तुम्ही पाहिलं आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. वीज आली तीसुद्धा खिळ्यांवरून गुंडाळत आली. कुडात पाइप बसवणार तरी कुठे? आता 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून पक्की घरं होत आहेत. महाराष्ट्रात या योजनेखाली तीन जमाती येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या रायगडात त्यांतले कातकरीच. पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात, आणि विजेचा विचार सगळ्यात शेवटी होतो. घर विटांचं झालं, पण वायर अजून खिळ्यावरच.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका नव्या घरात गेलो. मावशी म्हणाल्या, "दादा, त्या बाजूला टेकू नका, भिंत चावते." मला वाटलं मुंग्या असतील. हात लावला आणि झिणझिण्या आल्या. वायर पक्की करताना ठोकलेला खिळा तिच्या आवरणातून आत गेला होता आणि ओली भिंत जिवंत झाली होती. त्याच भिंतीशी तिचं लेकरू झोपायचं.

नळीचं काम एवढंच, की खिळा, उंदीर, ओल आणि तार यांच्यामध्ये उभं राहायचं. विटांची भिंत झाली की गिलाव्याआधी झिरी मारायची, तीत आयएसआय शिक्क्याचा 20 किंवा 25 मिलिमीटरचा पाइप बसवायचा, स्विचच्या जागी डबी. झिरी उभीच मारायची. आडवी मारली तर भिंत कमजोर होते. शिवाय तार नेहमी स्विचच्या सरळ वर किंवा खाली आहे हे माहीत असलं, की पुढे कॅलेंडरला खिळा ठोकणारा त्या रेषेपासून दूर राहतो. स्लॅब असेल तर पाइप काँक्रीट पडण्याआधी सळयांना बांधावा लागतो, आणि तोंडं बंद करावी लागतात. एकदा आमच्याकडून एक तोंड उघडं राहिलं. सिमेंट आत गेलं आणि तो पाइप कायमचा वाया गेला.

वळण मोठं ठेवायचं, नाहीतर तार ओढताना आवरण सोलतं. पाइप गच्च भरायचा नाही. जेमतेम चाळीस टक्के जागा तारांना, बाकी मोकळी, म्हणजे तार तापत नाही आणि उद्या खराब झाली तर भिंत न फोडता ओढून काढता येते. पंख्याचं उत्तर इथे आहे. पंखा दोन वर्षांनीही देता येईल. पाइप मात्र गिलावा झाल्यावर घालायचा तर भिंत फोडावी लागते, आणि त्या घरात पुन्हा गवंडी लावायला पैसे नसतात.

नुसत्या पाइपने भागत नाही, हेही सांगतो. अर्थिंग हवं, आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवा. मावशींच्या घरात दोन्ही नव्हतं. तिथली वायर आम्ही काढली, भिंतीवरून पट्टी बसवली, अर्थिंग केलं. दिसायला बरं नाही, पण भिंत आता चावत नाही.

वाडीतला एक मुलगा सध्या आयटीआयमध्ये वायरमनचं शिकतो. झिऱ्या तोच आखतो, माझी आखणी दोनदा खोडून काढली त्याने. जोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घेतो. तीन घरं आता गिलाव्याला आली आहेत आणि गवंडी पुढच्या मंगळवारी येणार आहे. तुमच्यापैकी कोणी विजेच्या कामातून निवृत्त झालं असेल, तर सोमवारी सकाळी आमच्याबरोबर चला. जेवण वाडीवरच आहे.